पहिला घाणा

“नाव वाचायचं नाही, मगदूमबाई. नंबर वाचायचा. इथं आल्यावर अंड्याला गाव नसतं आणि मालक नसतो,” बिळूरकर सरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. अकरा वर्षं मी ते पाळलं. मोडलं एकदाच, तेही कुणाचं तरी भलं करायला जाऊन.

त्या मंगळवारी मी आले तेव्हा सांगलीतल्या आमच्या प्रयोगशाळेचं शटर अर्धंच वर होतं. पायरीवर एक बाई बसली होती. मांडीवर पाटी, पाटीत भुसा, भुशात अंडी, वर लुगड्याचा धुतलेला तुकडा.

“अंड्यातलं औषध बघत्यात ती जागा हीच का?”

“हीच.”

“मग घ्या. बारा हायत. पाचच्या गाडीनं निघाले, वाटंत एक फुटलं न्हाई.”

तिचं नाव शेवंता हाक्के. जतच्या बाजूला कोरड्या माळावर तिचं गाव. अकरा बायकांनी मिळून एक शेड चालवलं होतं, चारशे कोंबड्यांचं. कोंबड्या एका संस्थेनं दिलेल्या. अंडी जवळच्या निवासी शाळेत मुलांच्या ताटात जायची, म्हणून संस्थेची अट होती की वर्षातून एकदा अंड्यात फवारणीच्या औषधाचा अंश आहे का ते तपासून घ्यायचं. शेडची किल्ली शेवंताच्या कमरेला. दाणा तिनं घालायचा, पाणी तिनं दाखवायचं.

“माझ्या डोळ्यांदेखत फोडा, ताई,” ती म्हणाली. “नमुना बदलला असं उद्या कुणी म्हणाया नको. आमच्यात एक हाय, सारजा. तिचा सगळ्यांत माझ्यावरच डोळा. किल्ली माझ्याजवळ का, म्हणून.”

“तसं करता येत नाही. नमुने आधी नोंदवावे लागतात, मग ओळीनं…”

“अकराची गाडी हाय मला. ती गेली की थेट पाचला.”

मी घड्याळ बघितलं. नऊ वाजले होते. नंबर टाकण्याचं काम वहिदाचं, ती दहाला यायची. मी स्वतःच वही काढली, एक्केचाळीस नंबर लिहिला आणि शेवंताला काचेपलीकडच्या बाकावर बसवलं.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही जैन. रोज सकाळी बस्तीत जाऊन देवासमोर एक नियम घ्यायचा, आज तूप नाही, आज गूळ नाही, असा. सूर्य मावळल्यावर अन्नपाणी बंद. आणि न गाळलेलं पाणी हातानं वापरायचं नाही, पाण्यातला जीव आपल्या हातून मरू नये म्हणून. अंडं तर आमच्या घरात उच्चारायचं सुद्धा नाही. नवऱ्याच्या आजारपणात मी ही नोकरी धरली, ते गेल्यावर ती सुटली नाही. सरांनी मला एवढी मुभा दिली होती की भांडी धुवायच्या नळाला मी माझं सुती गाळणं बांधावं. दर मंगळवारी जुनं काढून घरून आणलेलं धुतलेलं बांधायचं. शेवटचं विसळणं यंत्राच्या शुद्ध पाण्यानं व्हायचं, तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं.

मी सहा अंडी राखीव म्हणून शीतपेटीत ठेवली आणि सहा फोडायला घेतली. भांडं विसळलं. पुसायचा कागद संपलेला. कपाटाची किल्ली वहिदाच्या पर्समध्ये. काचेपलीकडून शेवंता माझ्या हातांकडे बघत होती. मी पिशवीतून त्या दिवशीचं गाळणं काढलं, भांडं आणि घुसळणी कोरडी केली, मग गाळणं नळाला बांधून टाकलं.

सहा अंडी फुटली. तिनं बोटांवर मोजली. निघताना दारात थांबली.

“तुमी खाता का, ताई?”

“नाही. आमच्यात चालत नाही.”

“मग फोडता कशा?”

“पोटासाठी.”

“आमी बी त्यासाठीच राखतो,” ती हसली आणि रिकामी पाटी डोक्यावर उपडी घालून गाडीला गेली.

वहिदा आली तेव्हा माझा दुसरा नमुना चालू होता. वहिदा मुल्ला मिरजेची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि तोंडानं शंभर वर्षांनी मोठी. “अरे वा, ताईंचा पहिला घाणा उतरला पण?” ती म्हणाली. नमुन्यांच्या खेपेला ती घाणाच म्हणायची. बेचाळीस आणि त्रेचाळीस मी केले, चव्वेचाळीस तिनं केला, दुसऱ्या टेबलावर, आपल्या भांड्यात.

बुधवारी यंत्रातून आकडे आले. आम्ही बोलताना शून्यं गाळून बोलायचो. मर्यादा दहा. एक्केचाळीसचा आकडा होता एकतीस. बाकीचे तिन्ही मर्यादेच्या आत.

औषध कोणतं निघालं ते बघून मी चष्मा पुसला. द्राक्षावर पिठ्या ढेकणासाठी मारतात ते.

“सर, हे कोंबड्यांचं औषध नाही.”

“शेडमध्ये पिसवा झाल्या असतील. गावात जे मिळेल ते मारतात लोक.”

“पुन्हा एकदा लावू का?”

“का? यंत्र बिघडलंय? तपासणीचे बाकी सगळे आकडे बरोबर आहेत.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “कुणाचा नमुना आहे, ते माहीत आहे का तुम्हाला?”

मी मान खाली घातली. सरांनी सही केली. गुरुवारी अहवाल संस्थेकडे गेला.

त्या दिवसापासून माझं चित्त लागेना. सामायिकाच्या जपध्यानाला बसले की माळेचा मणी बोटात तसाच राहायचा. अकरा वर्षांत कितीतरी नमुने नापास झाले होते, पण एकाचाही चेहरा मी पाहिलेला नव्हता. हिनं मात्र सहा बोटं मोजली होती.

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा पायरीवर होती. पाटी नव्हती, आणि कमरेला किल्लीही दिसली नाही.

“किल्ली काढून घेतली,” मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. “काल सांजच्याला संस्थेचा साहेब आला. म्हणला, कोंबड्यांच्या अंगात इख हाय, इकता येत न्हाईत, खाता येत न्हाईत, शनिवारी खड्डा काढून पुरायच्या. चारशेच्या चारशे. आमीच काढायचा खड्डा.”

“तुम्ही काही मारलं होतं का शेडमध्ये? पिसवांसाठी? खरं सांगा.”

“चुलीतली राख. दुसरं काय न्हाई.”

“आसपास कुणाची द्राक्षबाग?”

“ताई, आमच्यात प्यायला टँकर येतोय. द्राक्षं कुठली?”

मला बसायला सांगवेना आणि जायला सांगवेना.

“कोंबड्या जातील म्हून जीव तुटतोयच,” ती म्हणाली. “पण बायका माझ्याशी बोलंनात. सारजा म्हणती, हिनंच दाण्यात कायतरी कालवलं. काल रातच्याला टँकरवर माझी घागर लागली, तर एकीनं आपली बाजूला घेतली. ताई, मी सोळा वर्षांची असताना त्या गावात आले. कुणाच्या शेतातली एक पेंढी उचलली न्हाई.”

“मी पुन्हा बघते,” मी म्हटलं. “राखीव अंडी आहेत.”

“बघा. पण एक करा. काय बी निघू द्या, माझ्याच इरुद्ध निघू द्या, तुमी येऊन सांगा. सगळ्या बायकांम्होरं. कागद नगं. कागद त्यो साहेब वाचतो, आमाला काय कळतंय त्यात.”

“येईन.”

“देवाची आण न्हाई घालत तुमाला.”

“आण नको. येईन म्हटलं ना.”

ती गेली. मी राखीव अंडी काढली खरी, पण सरांच्या सहीशिवाय त्यांना हात लावायचा नव्हता, आणि सर बारापर्यंत बाहेर होते. मी कामाची वही उघडून बसले. आमच्याकडे दोन नोंदी असत. अहवालात नमुने नंबरानं येत, वहीत वेळेनं, कुणी कधी काय फोडलं ते. वहीतल्या ओळींपुढे मी पेन्सिलीनं आकडे मांडले, मर्यादेच्या आतले सुद्धा, ज्यांच्याकडे एरवी कुणी बघत नाही.

साडेनऊ, एकतीस. पावणेदहा, नऊ. अकरा, दोन. वहिदाचा चव्वेचाळीस, काही नाही.

माझे तिन्ही नमुने तीन गावांचे. तिन्हीत एकच औषध, आणि पायऱ्या उतरल्यासारखं कमी होत गेलेलं.

वहिदा डबा उघडत होती. मी वही तिच्यापुढे सरकवली. “हे बघ गं. असं कधी झालंय?”

तिनं घास हातात धरूनच पाहिलं. “काय माहीत. पण ताई, पहिल्या घाण्याची भजी मी कधी नवऱ्याला वाढत नाही. कढईला जे काही लागलेलं असतं ना, ते पहिल्या घाण्यात उतरतं. दुसऱ्यात थोडं, तिसऱ्यात नाहीच.”

“भांडं मी धुतलं होतं.”

“धुतलं असेल. पुसलं कशानं? कागद तर माझ्या कपाटात होता.” आणि ती नळाकडे बघायला लागली. मीही बघत होते.

आमचं घर दिराच्या द्राक्षबागेला लागून आहे. मागचं दार उघडलं की मांडव. छाटणी होऊन महिना झाला होता, रविवारी सकाळभर फवारणीचं यंत्र घुमत होतं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांनी घरातली सगळी गाळणी धुऊन, नेहमीसारखी, मांडवाच्या तारेवर वाळत घातली होती. ऊन चांगलं लागतं म्हणून. फवारणीच्या दिवसांत आमच्या घरात सगळ्याच कपड्यांना तो वास येतो, इतका की तो वास आहे हे आता आम्हाला कळत नाही.

मी उठले, नळाचं गाळणं सोडलं. चार दिवस पाणी वाहून गेलेलं. त्यात काय राहणार? मग आठवलं, त्याच तारेवरचं दुसरं गाळणं माझ्या डब्याच्या तांब्याला बांधलेलं होतं, अजून कोरडं. त्याचा चार बोटं तुकडा कापला.

“यंत्रावर लावतेस का हा?” मी वहिदाला विचारलं.

“फडकं?”

“फडकं.”

“सरांना काय सांगायचं?”

“ते मी सांगते.”

पडद्यावर रेघ सरळ चालली होती. मग ती उभी राहिली आणि चौकटीच्या वर निघून गेली. वहिदानं खुर्ची मागे घेतली. “या अल्ला,” ती हळूच म्हणाली. “ताई, हे पाणी तुम्ही पिता?”

मला त्या क्षणी तांब्या दिसत नव्हता. ज्या कापडानं एकही जीव मरू नये म्हणून आम्ही चार पिढ्या पाणी गाळत आलो, त्यानं चारशे जिवांचा खड्डा खणायला काढला होता, आणि एका बाईची घागर बाजूला करवली होती.

सर आले तेव्हा मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते म्हणाले, “नळाला बांधायची परवानगी मी दिली होती. भांडं पुसायची नव्हती.”

“नव्हती.”

“घाई का केलीत?”

“तिला अकराची गाडी होती.”

त्यांनी कपाळ चोळलं. “राखीव अंडी काढा. वहिदा फोडेल. तुम्ही लांब उभ्या राहा.”

संध्याकाळी पाचच्या आत सहा अंड्यांचा आकडा आला. काही नाही. बेचाळीस आणि त्रेचाळीसची राखीव अंडीही लागली, त्यांतही काही नाही. सरांनी माझ्यासमोर संस्थेला फोन केला, खड्डा थांबवा म्हणून सांगितलं आणि नवा अहवाल पाठवला. मला वाचायला दिला. ‘तांत्रिक कारणास्तव आधीचा अहवाल मागे घेण्यात येत आहे. फेरतपासणीत अंश आढळला नाही.’

“तुमचं नाव कुठं नाही,” ते म्हणाले. “प्रयोगशाळेची चूक म्हणजे माझी चूक. ते मी बघून घेईन. आता हा विषय संपला.”

“सर, उद्या मला सुट्टी हवी.”

“कशाला?”

“तिच्या गावी जायचंय.”

“मगदूमबाई, कोंबड्या वाचल्या. अहवाल गेला. आता जाऊन काय सांगणार?”

“आज हा कागद गावात पोचला की सारजा म्हणेल, शेवंता सांगलीला जाऊन रडली आणि तिनं कागद बदलून आणला. सकाळी ती इथं आली होती, हे गावानं पाहिलंय. तांत्रिक म्हणजे काय, हे त्यांना कोण सांगणार?”

“आणि तुम्ही सांगितलंत की तुमच्या घरचं फडकं? उद्या वर्तमानपत्रात आलं तर? माझ्या प्रयोगशाळेचं काय होईल, विचार केलात?”

“केला.”

“मग?”

“मी प्रयोगशाळेचं नाव घेणार नाही. मी केलं एवढंच सांगेन. तरी तुम्हाला वाटलं की मला काढायला हवं, तर काढा. त्याचं मला वाईट वाटणार नाही.”

त्यांनी रजेचा कागद पुढे ओढला. “तुमचा आवाज मला या टेबलापलीकडून ऐकू येत नाही,” ते सही करत म्हणाले. “अकरा बायकांना काय ऐकू जाणार?”

घरी पोचले तेव्हा सूर्य मावळायला थोडा अवकाश होता. आत्या माझं ताट वाढून वाट बघत होत्या. मी ताट बाजूला सारलं. त्यांना सांगावं की नाही, हे मी सबंध वाटेत ठरवत आले होते. पंच्याहत्तरीच्या बाई, जन्मभर त्यांनी गाळणं पिळलंसुद्धा नाही, पिळताना जीव चिरडतील म्हणून.

सांगितलं.

त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही. “आपल्या गाळण्यात?” मग, “मशीन चुकलं असेल तुझं.” मग मागच्या दारानं गेल्या. तारेवरची सगळी गाळणी एकेक करून काढली, घडी न घालता छातीशी धरली आणि परत येऊन पाटावर बसल्या.

“तिला काय म्हणालीस?”

“येऊन सांगेन म्हणाले.”

“मग इथं का बसलीस?”

“आत्या, आता संध्याकाळ झाली. सकाळी जाते.”

“जेव आधी. दिवस मावळतोय.” आणि थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत, “गाळणं कुणी वाळत घातलं, ते विचारलं तर माझं नाव सांग.”

“नाही सांगणार.”

“सांग. खोटं नको.”

“खोटं नाही ते. पुसलं मी.”

शनिवारी बस्तीतून तशीच निघाले. जतची गाडी भरलेली होती. जसजसे पूर्वेला गेलो, तसतशी बागांची हिरवी ओळ विरळ होत गेली आणि मग संपलीच. खिडकीतून नुसता माळ आणि लांब कुठंतरी एखादं बाभळीचं झाड. मनात एकच वाक्य फिरत होतं, आणि दर वेळी त्याची सुरुवात वेगळी व्हायची. कधी मी औषधाचं नाव घ्यायची, कधी गाळण्याचं, कधी माझ्या नियमाचं. प्रत्येक सुरुवातीत मी थोडी थोडी चांगली ठरत होते. ते लक्षात आलं, तेव्हा सगळ्या खोडून टाकल्या.

कंडक्टरनं फाट्यावर गाडी थांबवली. “हितनं म्होरं गाव दीड कोस हाय, मावशी. वाहन मिळंल असं वाटत न्हाई.”

“चालेन.”

गाडी गेली. धूळ बसली. चारी बाजूंना कुणी नव्हतं, थोड्या मेंढ्या सोडल्या तर.

“चूक माझ्या हातनं झाली. शेवंताबाईंची नाही,” मी म्हणून बघितलं.

आवाज बारीक निघाला, अगदी बस्तीत निघतो तसा. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा जवळच्या दोन मेंढ्यांनी चरणं सोडून माना वर केल्या.

मी पदर खोचला आणि चालायला लागले.